चिंच बांधावर, टमाटे रानात

पहाटे ३.३०

या आठवड्यात आमच्या भागाला थ्री फेज लाईट रात्रीची आहे, म्हणून दिवस साडेतीनला उजाडतो. तुळजापूर आणि धाराशिवच्या मधे, बालाघाटाच्या कडेला आमचं गाव. मार्च लागला की विहिरीत पाणी दोन तास मोटर चालेल एवढंच साठतं आणि त्या दोन तासांवर पहिला हक्क टमाट्यांचा. वीस गुंठ्यांत सव्वातीन हजारांच्या आसपास रोपं आहेत. या दिवसांत फळांनी लगडलेल्या झाडाला दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी लागतं, म्हणजे रोज पाच-साडेसहा हजार लिटर. ते कमी पडलं तर झाड लगेच बोलत नाही. आठ-दहा दिवसांनी फळाच्या बुडाला काळा चट्टा दिसतो. कॅल्शियम मातीत असतं, खतातूनही सोडलेलं असतं. पण पाण्याची पाळी वरखाली झाली की ते फळापर्यंत पोचतच नाही. चट्टा पडलेलं फळ जनावरंही नाइलाजानंच खातात.

बॅटरी घेऊन ठिबकच्या नळ्यांवरून फिरायचं. कुठे नळी उंदरानं कुरतडलेली असते, कुठे ड्रीपरमध्ये क्षार बसलेला असतो. व्हेंच्युरीतून खत सोडायचं ते शेवटच्या अर्ध्या तासात, नाहीतर मुळांच्या खाली निघून जातं. आता फळ फुगवणीचा टप्पा आहे, म्हणून पालाश जास्त, नत्र बेतानं.

उत्तरेच्या बांधावर, विहिरीपासून साठ-सत्तर पावलांवर चिंच आहे. ती या पाण्याच्या हिशोबात नाही. आमच्या आज्यानं रोप लावलं तेव्हा दोन उन्हाळे घागरीनं पाणी घातलं असेल तेवढंच. या झाडाची कुठलीच वेळ पाळावी लागत नाही, त्यामुळे दिवसाचा दिनक्रम लिहायला बसलं की पहिले पाच-सहा तास तिचं नावही येत नाही.

सकाळी ६.१५

तोड आहे. ज्वारीची काढणी आणि हरभऱ्याची मळणी एकदमच आल्यानं बाया मिळणं अवघड झालंय. मिळाल्या त्या आमच्या भावकीतल्याच, आत्या, काकू, वहिन्या. म्हणजे मजुरी द्यायची ती देऊन वर बोलणीही खायची.

टमाटा तोडणं हे नुसतं हाताचं काम वाटतं, पण ते डोळ्याचं आहे. सोलापूरच्या बाजाराला जायचा असेल तर बुडाला नुकती लाली आलेला हवा, कारण टेंपोतून जाऊन, लिलाव होऊन, पुन्हा दुसऱ्या गाडीत चढून तो गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत लाल होणारच असतो. तुळजापूरच्या खानावळींना तो आजच लाल लागतो. मंगळवार हा देवीचा वार, दर्शनाला गर्दी असते आणि दुपारच्या आत त्यांच्या भाज्यांची फोडणी पडायची असते. एकाच झाडावर दोन बाजारांची फळं लागलेली असतात आणि बाईनं हात घालताना ठरवायचं असतं की हे कुठलं.

"हे बघ, ह्याला भोक हाय," काकूनं एक फळ माझ्यापुढे धरलं. देठाशी टाचणीएवढं छिद्र. ही टुटा. दक्षिण अमेरिकेतली ही बारकी पतंगवर्गीय कीड भारतात पहिल्यांदा नोंदली गेली ती २०१४ मध्ये, तीही पुण्याच्या बाजूला, टमाट्यावरच. पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधे शिरून अळी खात जाते आणि मग फळात घुसते. वरून मारलेलं औषध पानाच्या आत पोचत नाही. कामगंध सापळे लावलेत, रात्री त्यात पतंग पडतात, तरी रोज सकाळी पानं उलटून बघावी लागतातच. त्याशिवाय करपा आहे, पांढरी माशी आहे, फुलकिडे आहेत. माशी आणि फुलकिडे रस पितात ते परवडतं. पण ते रोग आणतात तो विषाणूचा, त्याला औषध नाही. रोगट झाड उपटून रानाबाहेर नेऊन पुरायचं, एवढंच हातात.

या झाडाला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही हे मात्र मला दर तोडीला नव्यानं जाणवतं. बांबू, तार, सुतळी, बांधणी, पुन्हा वीतभर वाढलं की पुन्हा बांधणी. जमिनीला टेकलेलं फळ सडतं, म्हणून सगळं रान टांगून ठेवायचं.

सकाळी ८.४५

निवड. मोठा माल एकीकडे, मध्यम एकीकडे, तडकलेला बाजूला. कॅरेट वीस किलोचं धरतात, भरताना थोडं वरच भरतं. ऐन बहरातल्या तोडीला पंचेचाळीस-पन्नास कॅरेट निघतात. टेंपोवाला नऊला येतो म्हणाला की साडेनऊ धरायचे. त्याच्या टेंपोत तीन गावांचा माल असतो, त्यामुळे शेवटच्या गावाचे कॅरेट सगळ्यात वर बसतात आणि पहिल्या गावाचे खाली दबतात. आमचं गाव मधलं.

सकाळी ९.४५

न्याहारी. भाकरी आणि टमाट्याची चटणी, ठिसूळ भाजलेले शेंगदाणे, हिरवी मिरची, लसूण, मीठ. तव्यावर टमाटे साल काळी होईपर्यंत परतायचे आणि तव्यातच वाटीच्या बुडानं ठेचायचे. तडकलेल्या मालाचा सगळ्यात चांगला उपयोग तोच.

आई ही चटणी आवडीनं खाते, पण पुरणाच्या दिवशी येळवणीच्या आमटीत टमाटा घालू देत नाही. तिथे चिंचेचा कोळच. मी एकदा म्हणालो, आंबट ते आंबट, काय फरक पडतो? तिनं उत्तर दिलं नाही, पण उत्तर आहे. टमाट्याचं आंबटपण मुख्यतः सायट्रिक आम्लाचं, लिंबातलं असतं ते. आणि ते शंभरातल्या चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग पाण्यात विरघळलेलं असतं. चिंचेच्या गरात टार्टारिक आम्ल आठ ते अठरा टक्क्यांपर्यंत असतं, शिवाय साखरही भरपूर. म्हणून चिंच गुळाला धरते, कटाच्या आमटीत मसाल्याला अंग देते आणि दुसऱ्या दिवशी आमटी जास्त चांगली लागते. टमाटा घातलेल्या आमटीला दुसरा दिवस फारसा मानवत नाही. उलट कांदा-टमाट्याची ताजी भाजी चिंचेनं करायला गेलात तर ती काळपट आणि कडवट आंबट होईल. म्हणजे दोघांत कोण सरस हा प्रश्न स्वयंपाकघरात विचारला तर चूल कुठली आणि वार कुठला, हे आधी सांगावं लागतं.

वेळ अमावास्येला, आमच्याकडे म्हणतात येळवसेला, जी भज्जी करतात तिच्यात रानातलं झाडून सगळं पडतं. तुरीचे, हरभऱ्याचे ओले दाणे, गाजर, मेथी, कांद्याची पात, बोरं. तिला बांधून ठेवतं ते बेसन, आणि आंबटाला चिंच. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या माणसाला ही भज्जी शब्दांत समजावून सांगायच्या फंदात मी आता पडत नाही.

एक गंमत. अस्सल आपलं म्हणून आपण चिंचेचा कैवार घेतो आणि टमाट्याला विलायती ठरवतो. पण मूळचं इथलं दोघांपैकी कुणीच नाही. चिंच आफ्रिकेतून आली. ती इतक्या जुन्या काळी आली की आता तिला पाहुणी म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही. टमाटा अमेरिका खंडातला. पोर्तुगीजांच्या काळात समुद्रमार्गे आला आणि आमच्या आज्याच्या पिढीपर्यंत खेड्यात तो शौकाचाच होता.

सकाळी १०.३०

चिंच पाडायला दोघे गडी आलेत, शेजारच्या तांड्यावरचे. चिंचेवर चढणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत आणि जी आहेत ती फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यांनाच हवी असतात. पोरं चढत नाहीत, आणि चढू नयेतच. खोड दोघांच्या कवेत न मावणारं, पहिली फांदी दीड पुरुष उंचीवर, आणि वरच्या फांद्यांचं लाकूड चिवट असलं तरी वाळलेली एखादी दगा देते. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात कुणीतरी पडल्याची बातमी येते. चिंचेला खर्च नाही म्हणणाऱ्यांनी हा खर्च कुठे धरायचा ते सांगावं.

पुष्कळ जण त्यामुळे झाडच गुत्त्यानं देतात. बागवान हिवाळ्यातच येतो, झाडाखाली उभा राहून मान वर करून दोन फेऱ्या मारतो, आकडा किती, गर किती, याचा अंदाज बांधतो आणि एक रक्कम बोलतो. त्याचे गडी, त्याची काठी, त्याची जोखीम. त्याचा अंदाज सहसा चुकत नाही. निदान त्याच्या तोट्याच्या बाजूला चुकलेला मी पाहिला नाही. यंदा फळ दाट आहे म्हणून आम्ही स्वतःच पाडायचं ठरवलं. गेल्या साली जेमतेम होतं. चिंच एका वर्षी भरभरून देते आणि पुढच्या वर्षी हात आखडते. त्याला वर्षाआडचं झाड म्हणतात.

खाली ताडपत्र्या आणि जुनी पालं अंथरलीत. काठीनं झोडपलं तर लवकर होतं, पण पुढच्या सालची कोवळी फूट त्यात मोडते. म्हणून फांदी हलवायची, न सुटणारे आकडे आकडीनं ओढायचे. पिकलं की नाही हे आवाजावरून कळतं. नखानं टिचकी मारली की टरफल पोकळ वाजलं पाहिजे, कारण गर वाळून आत सुटलेला असतो. मे-जूनमध्ये फूल, आणि हा आकडा हातात यायला पुढचा मार्च. टमाट्याचं रोप ट्रेमध्ये बी टाकल्यापासून तीन-साडेतीन आठवड्यांत लागणीला येतं आणि लागणीपासून सत्तर दिवसांच्या आत पहिली तोड. चिंचेच्या एका फळाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात टमाट्याची दोन पिकं येऊन जातात, आणि एखादं वाया जातं तेही धरून.

पाडलेल्या चिंचांत अजून गाभुळलेले आकडे सापडले की गड्यांसकट सगळ्यांचे हात तिकडे जातात. त्यांची वर्गवारी होत नाही, ती जागेवरच संपतात.

शेजारचा शेतकरी, आमचे भावकीतले बापू, बांधाच्या पलीकडे हरभऱ्याचं काड गोळा करत होते. "घ्या घ्या, फळं तुमाला, सावली आमाला," म्हणाले. बोलणं हसण्यावारी नेलं तरी खरं आहे. झाडाचा घेर दहा-बारा मीटर. त्याच्या उत्तरेला त्यांचं रान, आणि सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो तेव्हा, म्हणजे नेमका रब्बीत, सावली पडते त्यांच्याकडे. चार-पाच ओळी हरभरा खुरटा राहतो. आमच्या बाजूला तेवढं नाही. मुळं मात्र दोघांचंही खातात. चिंचेखाली गवतसुद्धा धड उगवत नाही. दाट सावली आणि वर सतत गळणारा बारीक पाला.

झाड तोडायचं म्हटलं तर तेही सोपं नाही. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, मोह, जांभूळ यांच्याबरोबर चिंचही आहे. स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगी लागते. टमाट्याचं अख्खं रान नांगरून टाकायला कुणाला विचारावं लागत नाही.

दुपारी १.००

ऊन चढलं. टमाट्याच्या रानात आता कुणी जाऊ नये. पानं स्वतःच कडेनं वळून बसलेली असतात. माणसं, म्हैस, दोन शेळ्या, कुत्रं, सगळे चिंचेखाली. उन्हाळ्यात गावात जी सावली खरोखर सावली म्हणावी अशी असते ती चिंचेची, वडाची आणि कडुनिंबाची. चिंच पूर्ण उघडी कधी पडत नाही. जुना पाला गळतो तोच नवा येतो, दोन्ही एकाच वेळी चालू असतं. फार मोठ्या दुष्काळात ती विरळ होते खरी, पण बोडकी होत नाही.

चिंचेखाली झोपू नये, तिच्यावर भुतं असतात, असं लहानपणी सांगत. दुपारचं जेवून इथे आडवी झालेली ही सगळी माणसं तेच ऐकून मोठी झालीत. नियम बहुधा रात्रीपुरता असावा.

आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीत सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला महापूर आला, हजारोंनी माणसं गेली. हैदराबादला उस्मानिया दवाखान्याच्या आवारात एक जुनी चिंच आहे. त्या पुरात तिच्यावर चढून बसलेली दीडशेच्या आसपास माणसं वाचली असं सांगतात. तिच्यापाशी दरवर्षी लोक जमून त्याची आठवण करतात. भुतांची गोष्ट सांगणाऱ्या आज्या हैदराबादला गेल्या असत्या तर त्यांनी ती थोडी बदलून सांगितली असती.

लाकडाचं म्हणाल तर ते जड, गाठाळ, रंधा न लागणारं. फर्निचरवाला हात लावत नाही. पण खाटकाचा ओंडका चिंचेचाच हवा, कारण सुरीच्या घावानं त्याच्या ढलप्या निघत नाहीत. मुसळाला चालतं, आणि तेलाच्या लाकडी घाण्यालाही. ही झाली झाड मेल्यानंतरची कामं. टमाट्याचं झाड मेल्यावर राहतात ते बांबू, आणि मल्चिंगचा फाटका कागद, जो वाऱ्यानं बाभळींवर लटकतो. ते दृश्य मला बघवत नाही, पण दरवर्षी माझ्याही रानातून थोडा कागद उडतोच.

दुपारी ३.००

सोलापूरहून फोन. आजचा भाव मध्यम. कॅरेटमागे तोडणी, भाडं, हमाली, आडत गेली की काय उरतं ते मनात मांडता येतं, पण मांडायचं नाही असं ठरवलंय. हंगामाच्या शेवटीच बघायचं. टमाट्याचा हिशोब एका तोडीवर केला तर माणूस एकतर उन्मत्त होतो नाहीतर खचतो.

२०२३ चा जुलै कुणी विसरलेलं नाही. किरकोळ बाजारात किलोला शंभराच्या वर, कुठे कुठे दोनशेपर्यंत गेला होता. केंद्र सरकारनं सहकारी संस्थांमार्फत दिल्लीत टमाटे विकायला काढले, आधी ९० रुपयांनी, मग ८०, मग ७०. पुढे नेपाळहून माल आणला. ज्यांचा माल त्या पंधरा दिवसांत सापडला त्यांनी ट्रॅक्टर घेतले. ते ट्रॅक्टर पाहून ज्यांनी लागण केली त्यांचा माल सप्टेंबरात आला आणि काहींनी तो रस्त्याच्या कडेला ओतला. गेलेल्या भावाकडे बघून लागण करायची आणि पिकेपर्यंत भावानं पाठ फिरवायची, हे या पिकात नेहमीचंच. तोडलेला टमाटा चार-सहा दिवसांपलीकडे थांबत नाही, त्यामुळे 'आज विकत नाही' असं म्हणायची ताकद शेतकऱ्याच्या हातात कधीच नसते.

चिंच थांबते. मीठ लावून गोळे करून ठेवली तर वर्ष-दोन वर्षं राहते, फक्त काळी पडत जाते; लाल-सोनेरी रंग टिकवायचा तर शीतगृह लागतं. व्यापारी तेच करतात. बार्शीच्या बाजारात मार्चमध्ये चिंच ओतलेली असते तीच पावसाळ्यात वेगळ्या भावानं बाहेर पडते. आमच्याकडे शीतगृह नाही, माळा आहे. तरी माळ्यावर दोन पोती राहिली की पावसाळ्यात पोरांच्या शाळेच्या वेळी ती उतरवता येतात. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच जिल्ह्यातल्या कास्तीच्या कोथिंबिरीलाही मिळालं. एक शंभर वर्षं जगणारं झाड आणि एक सव्वा महिन्यात उपटायची जुडी, दोघांना सारखाच कागद.

आता आकडा मांडतोच, दुपारी दुसरं काय करायचं. शिफारशीप्रमाणे दहा बाय दहा मीटरवर लावली तर एकरात चिंचेची चाळीस झाडं बसतात. टमाट्याची सहा-साडेसहा हजार. पूर्ण वाढलेल्या झाडाला चांगल्या सालात दीडशे-दोनशे किलो आकडे धरायला हरकत नाही. पण ती 'पूर्ण वाढ' बियापासून केलेल्या झाडाला पंधरा वर्षं घेते, आठ-दहा वर्षं तर पहिलं फळ दिसायलाच. कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळतं. औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्रानं 'प्रतिष्ठान' हा वाण मराठवाड्यासाठीच निवडून काढला. तरी चार वर्षं पोटाला काय, याला त्या केंद्राकडेही उत्तर नाही.

एका एकरातल्या एका वर्षाच्या नफ्यावर दोघांची तुलना करणारे लेख मी वाचतो आणि बाजूला ठेवतो. त्या तुलनेत टमाटा जिंकतो किंवा हरतो, चिंच मात्र भागच घेत नाही. आमच्या जिल्ह्यात विचारायचा प्रश्न वेगळा आहे: विहीर आटली त्या वर्षी कोण उभं होतं? टमाटा हा पाण्यावरचा जुगार आहे आणि मी तो दरवर्षी खेळतो, कारण घरातल्या रोख पैशाचं दुसरं दार माझ्याकडे नाही. पण खेळता येतो तो बांधावर न मागता उभं असलेलं काहीतरी आहे म्हणून. ज्याच्या बांधावर काही नाही तो टमाट्यात बुडाला की सरळ पुण्याच्या गाडीत बसतो.

भाऊ वेगळे झाले तेव्हा रानाचे तुकडे झाले, झाडाचे झाले नाहीत. चिंच आठ आणे आमची, आठ आणे थोरल्या चुलत्यांची. पाडणीच्या दिवशी त्यांची सून पोतं घेऊन येते, बसते, चहा पिते, आपलं निम्मं घेऊन जाते. वर्षभर दोन घरांत बोलणं नसलं तरी हा एक दिवस चुकत नाही.

संध्याकाळी ५.१५

तोड झाली की फवारणी. सकाळी का नाही, तर औषधाच्या डब्यावर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं आणि पुढची तोड चौथ्या दिवशी आहे. म्हणून आज मारायचं तेही तीन दिवसांत उतरणारं. पाठीवरचा पंप, तोंडाला पंचा. मधमाश्या घरी गेल्यावर. टमाट्याचं फूल स्वतःच्याच परागावर फळ धरतं, वाऱ्यानं हललं तरी पुरतं. पण शेजारी कांद्याचं बी धरलंय, त्याला माश्या हव्यात.

चिंचेवर मी आजवर काही फवारलेलं नाही. साठवलेल्या चिंचेत आणि चिंचोक्यात मात्र भुंगा पडतो. तेव्हा निर्धोक म्हणून तिचे गोडवे गाणं बरोबर नाही. तिचं दुखणं घरात आल्यावर सुरू होतं, एवढंच.

संध्याकाळी ६.४५

पडवीत बल्बाखाली फोडणी बसली. आई, आत्या, चुलत्यांची सून, शेजारच्या दोघी. आकडा दगडावर ठेवून हातोडीचा हलका टोला, टरफल अलग. मग पाठीवरच्या शिरा ओढून काढायच्या, मग गर चिरून चिंचोके बाहेर. फार जोरात मारलं तर टरफलाचा चुरा गरात जातो आणि व्यापारी भाव पाडतो. शंभर किलो आकड्यांतून गर निघतो पंचावन्न किलोच्या आसपास, चिंचोके तेहेतीस-चौतीस, उरलेलं टरफल आणि शिरा. हे काम दिसायला बसून गप्पा मारायचं असलं तरी दोन दिवसांत बोटांच्या पेरांना चिरा पडतात आणि आम्ल त्यात झोंबतं. आत्या बोटांना खोबरेल चोळून बसते. एप्रिलभर गावोगाव हजारो बायांची मजुरी या एका कामातून निघते, किलोवर. टमाट्याची मजुरीही बायांनाच मिळते, पण ती उन्हात आणि ठरल्या तासांची. ही सावलीत, आपल्या वेळेनं, लेकरू मांडीवर घेऊनही.

चिंचोक्यांचा व्यापारी वेगळा असतो. त्यांचं पीठ कापडगिरण्यांत सुताला खळ द्यायला जातं. आमच्या भागातले धनगर घोंगडी विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ देतात, त्यानं ती ताठ होते आणि पावसाचं पाणी चटकन आत शिरत नाही. आईला दुसराही उपयोग माहीत आहे. बहात्तरच्या दुष्काळात, सुकडी आणि लाल मिलो मिळायच्या आधी, चिंचोके भाजून, टरफल काढून, रात्रभर भिजवून लेकरांना चघळायला देत. "पोट भरत न्हवतं," ती म्हणते, "पण त्वांड हालत राह्यचं, रडायचं थांबायची लेकरं."

रात्री ८.३०

जेवण. आज भाकरी, मेथीची पातळ भाजी, आणि तांब्याचा हंडा घासायला काढलेल्या जुन्या काळ्या चिंचेचा वास अजून मोरीत. पितळ-तांब्याला तिच्याइतकं उजळवणारं बाजारात काही मिळत नाही. टमाट्यानंही थोडंफार निघतं, पण त्याला कोण वाया घालवणार? भाव असेल तर महाग पडतो, आणि भाव नसेल तेव्हा घरात हंडेच कमी आणि टमाटे जास्त असतात.

रात्री ९.१५

बापू आले. दिवसभर बांधापलीकडे होते पण मुद्द्याचं बोलायला अंधार पडल्यावरच यायचं, ही त्यांची रीत. त्यांना कळलंय की पावसाळ्यात मी बांधावर चिंचेची कलमं लावायचं म्हणतोय, 'प्रतिष्ठान'ची, दहा-दहा मीटरवर सहा.

"एकीचीच सावली सोसंना, अन् तू आनिक सहा लावलालास," त्यांनी पाणी पिऊन सुरुवात केली.

मी म्हणालो, कलमी झाड बेतानंच वाढतं, छाटणी करून घेर ठेवता येतो.

"बांध सोडून आत लाव. चार हात."

चार हात आत म्हणजे टमाट्याची एक ओळ, पुढे मुळं पसरल्यावर तीन. मी तसं सांगितलं. आई आतून म्हणाली, "अन् ती टमाटी तरी कुठं दरसाल हुतेत?" यावर मला बोलता आलं नाही.

बापूंनी सुपारी कातरली. "बरं, बांधावरच लाव. पर माझ्या अंगाला ज्या फांद्या येतील त्येंच्या चिंचा माझ्या."

"सावलीचं मग बोलायचं नाही."

"न्हाई बोलत."

"कधीपासनं तुमच्या?"

"कलम हाय म्हनलास न्हवं? पाचव्या सालापासनं."

मी विचारलं, कागदावर लिहून ठेवू का. बापू उठता उठता म्हणाले, "लिवून कशाला? पोरं हितंच बसलेत, त्येंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोल म्हंजे झालं."